सायकलकारची पुढची सीट

आमच्या घरी एक विलायती मोटार आहे आणि ती आमची नाही.

म्हणजे चोरीचीही नाही. माझ्या पणजोबांच्या बैलगाड्या लोणावळ्याच्या बंगल्यांवर गवत आणि लाकूडफाटा पोचवायच्या. तिथला एक साहेब विलायतेला निघाला तेव्हा ही गाडी पणजोबांच्या हवाली करून म्हणाला, दिवाळीला परत येतो, तोवर सांभाळ. कुठल्या दिवाळीला, ते तो बोलला नाही. पणजोबांनीही विचारलं नाही. पुढे पणजोबा गेले, आजोबा गेले, साहेबांचं राज्य गेलं, पण आमच्या घराने सांभाळणं सोडलं नाही. माझे वडील, म्हणजे आबा, ऐंशीच्या पुढे गेलेत. तरी गाडीवर कोंबडी बसलेली दिसली की काठी घेऊन उठतात. परक्याची वस्तू आहे, उद्या साहेब आला तर काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. साहेब आज असता तर दीडशेच्या घरात गेला असता, हे मी त्यांना समजावून पाहिलं. त्यावर थोडा विचार करून ते म्हणाले, "मंग त्याचा पोरगा यील."

मोटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल ते कृपा करून पुसून टाका. ही आहे सायकलकार. इंग्लंडातल्या एका लहानशा गावात दोघे भाऊ सायकली दुरुस्त करत. मोटार तेव्हा बड्या लोकांनाच परवडायची. भावांनी विचार केला, ज्याला मोटार झेपत नाही आणि सायकल पुरत नाही त्या माणसाने जावं कुठे? म्हणून त्यांनी एका लांबट लाकडी पेटीला सायकलीसारखी चार चाकं लावली आणि पुढे मोटारसायकलचं इंजिन बसवलं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत न्यायला दोन लांब चामडी पट्टे लावले. ब्रेक म्हणजे मागच्या चाकांच्या ज्या कड्यांवरून हे पट्टे फिरतात, त्याच कड्यांवर दाबायचे दोन लाकडी ठोकळे. स्टिअरिंग म्हणजे रिळाला गुंडाळलेली तार. झाली गाडी तयार! पेटी अरुंद, त्यामुळे दोन माणसं शेजारी शेजारी मावेनात, म्हणून एकामागे एक बसवली. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण चालवणारा मागे आणि सोबतचं माणूस पुढे, ही कल्पना दोघांपैकी कोणत्या भावाची होती हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या थोड्याफार गाड्या खपल्या. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इंजिनं मिळेनाशी झाली. युद्ध संपेपर्यंत मोठ्या कंपन्यांच्या खऱ्याखुऱ्या मोटारी स्वस्त होऊ लागल्या होत्या. भावांनी मोटारीचा नाद सोडला आणि पुन्हा सायकली दुरुस्त करायला घेतल्या. हा झाला कंपनीचा सगळा इतिहास. हा मी पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात सांगितलेला आहे. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी का राहते, याचा उलगडा सुमनने (ही माझी बायको) एकदा सर्वांसमोर केला होता. तो इथे देत नाही.

तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी त्या गाडीच्या मागे लागलो होतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून सुटे भाग आणायचे, ते बसत नाहीत म्हणून घासायचे, जास्त घासले म्हणून पुन्हा पुण्याला जायचं. इंजिन अधूनमधून चालू व्हायचं. गाडी मात्र जागची हलली नव्हती. सुमन विचारायची, "कधी चालणार ही?" मी म्हणायचो, या दसऱ्याला. साहेबाने दिवाळीचं सांगितलं तेव्हा वर्ष सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र सुमनने दसऱ्याला गाठलंच. लोणावळ्याला येणारे पर्यटक भुशी धरणावर भिजून, गर्दीला कंटाळून आता आमच्या गावाकडे सांडायला लागलेत. त्यांना पिठलं-भाकरी लागते आणि भातखाचरं दिसतील अशी खोली लागते. अशा दोन खोल्या बांधायला आमच्याकडे एकच जागा होती, ती म्हणजे ही गाडी ठेवलेला गोठा. सुमनने आबांच्या देखत अट घातली. दसऱ्याच्या दिवशी ही गाडी टेकाडावरच्या आपल्या घरापासून खाली भैरोबाच्या देवळापर्यंत जाऊन स्वतःच्या जोरावर परत आली, तर गोठा गाडीचा. नाही आली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

"आणि पुढच्या सीटवर मी बसणार," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"म्हणजे मागून कोणी ढकलत नाही ना, ते बघता येईल."

(पुढे बसून मागचं कसं बघणार, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. असे प्रश्न मला नेहमी दोन दिवसांनी सुचतात.)

मी हसून हो म्हटलं खरं, पण रात्री जेवण गेलं नाही. तीन पिढ्यांनी जिला पाऊस लागू दिला नाही ती गाडी माझ्या हातून भंगारात जाणार, आणि ते आबा जिवंतपणी बघणार. आबा गोठ्यात जाऊन गाडीच्या पितळी पट्टीवरून धोतराचा सोगा फिरवून आले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे विळे, कोयते, नांगर, फवारणीचा पंप, मुलाची मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते. पूजेआधी आबा आपल्या हाताने एकेक वस्तू पुसून घेतात. मी पेट्रोल आणायला लोणावळ्याला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर गाडीला झेंडूची माळ, पुढच्या दिव्यांना हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. आणि ते चामडी पट्टे, जे गेली कित्येक वर्षं सुकलेल्या बोंबलासारखे दिसत होते, ते चक्क चमकत होते. मी हात लावून बघितला. मऊ, लवचीक, काळेभोर. मला इतका आनंद झाला की मी आबांना वाकून नमस्कार केला. दसऱ्याचा नमस्कार आदल्या दिवशीच का, ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी आशीर्वाद दिला.

दसऱ्याला दुपार टळल्यावर आम्ही निघालो. सुमनने नवीन साडी नेसली होती, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता, आणि मांडीवर आपट्याच्या पानांची टोपली, देवळात जमलेल्या मंडळींना सोनं द्यायला. ती पुढच्या सीटवर बसली. मी मागे बसलो आणि मला तेव्हा कळलं की मागच्या माणसाला पुढचा रस्ता दिसत नाही, अंबाडा दिसतो. मान डावीकडे काढली की डावा अर्धा रस्ता, उजवीकडे काढली की उजवा अर्धा. दोन्ही अर्धे मनात जोडून घ्यायचे.

इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. आबांनी हात जोडले. मी पट्टे ताणायचा दांडा ओढला. इंजिनाने असा काही आवाज केला की गोठ्यावरची कबुतरं उडाली. पट्टे गरगरा फिरायला लागले. गाडी हलली नाही.

"हेच का चालणं?" सुमनने मागे न बघता विचारलं.

"गरम होऊ दे जरा."

"माझे पाय झालेत गरम."

आणखी थोडा आवाज झाला, धूर झाला, माझ्या कपाळावर घाम आला. आबांना ते बघवेना. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि मागून हळूच एक धक्का दिला. (धक्का अंगणात दिला होता. अट अंगणाबाहेरच्या रस्त्याची होती. हे मी पुढे बराच काळ मांडून बघितलं, उपयोग झाला नाही.) गाडी दारातून बाहेर पडली, उताराला लागली, आणि काय सांगू, चालायला लागली! साहेब गेल्यापासून प्रथमच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिन गर्जत होतं, चाकं फिरत होती, वारा लागत होता. मी सुमनला ओरडून सांगितलं, बघ, इंग्लंडातल्या त्या दोघा भावांची कमाल. तिने टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरली.

वेग वाढत गेला. मी म्हटलं, आता जरा आवरावं. इंजिन बंद केलं. आवाज थांबला, गाडी थांबली नाही. उलट तिने आणखी वेग घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आतापर्यंत गाडी इंजिनाने चाललेली नव्हतीच, ती नुसती उताराने निघाली होती. मी ब्रेकचा दांडा ओढला. ठोकळे कड्यांवर टेकले आणि लोण्यावर बोट फिरावं तसे फिरत राहिले. मी दोन्ही हातांनी ओढला. दांडा हातात आला.

"अहो, हळू," सुमन म्हणाली.

मी दांडा पुन्हा जागेवर बसवून बघितला.

"अहो, हळू घ्या म्हटलं ना."

"ब्रेक लागत नाहीये."

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सुमन एवढी गप्प कधी बसली नव्हती. मी मान डावीकडे काढली. रस्त्याला लागून भाताचं हिरवंगार खाचर होतं, पीक उभं, खाली चिखल. घुसलो तर मऊ पडलो असतो. मी स्टिअरिंग डावीकडे वळवायला घेतलं. सुमन पर्यटकांशी, बँकेत, डॉक्टरांकडे शुद्ध पुणेरी बोलते. त्या क्षणी मात्र तिच्या तोंडून तिचं तळेगावजवळच्या इंदुरी गावचं माहेर बाहेर पडलं.

"हितं नगं! ह्ये तात्यांचं हाय!"

तात्या हे माझे चुलतभाऊ. आमच्या दोघांत बांधावरून अबोला आहे. बांध त्यांनी आमच्या बाजूला सरकवला, असं आम्ही म्हणतो आणि तेही आमच्याबद्दल शब्द न बदलता तेच म्हणतात. त्यांचं एक कणीस जरी मोडलं असतं तरी पुढची पिढी तहसीलदारांच्या कचेरीत म्हातारी झाली असती. मी घाबरून स्टिअरिंग सरळ केलं. मरणाच्या दारात माणसाला देव आठवतो म्हणतात. आम्हाला सात-बारा आठवला.

पुढचं खाचरही तात्यांचंच होतं. आम्ही तेही सोडलं.

मग आलं भैरोबाचं देऊळ. गावातली सगळी वडीलधारी मंडळी सोनं लुटून पारावर उभी होती. आमची गाडी झेंडूची माळ उडवत, आवाज न करता, वाऱ्यासारखी आली. सुमनच्या हातून टोपली सुटली आणि आपट्याची पानं दोन्ही बाजूंनी पारावर उधळली गेली. आजन्म पाळलेली रीत अशा वेळीही सुटत नाही. ती जाता जाता म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" पारावरच्या मंडळींना वाटलं, यंदा सोनं वाटायची ही नवी पद्धत असावी. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. एका आजीने तर कौतुकाने कानशिलावर बोटंही मोडली. मीही मान झुकवून नमस्कार केला, कारण तेवढंच माझ्या हातात राहिलं होतं.

देवळाच्या पुढे रस्ता उजवीकडे वळतो. समोर जे खाचर येतं ते आमचं.

"आता घाला," सुमन म्हणाली.

घालायची वेळच आली नाही. स्टिअरिंगची तार रिळावरून सुटली होती. गाडीने रस्ता सोडला, बांधावरून उडी घेतली आणि ती भातात नाकावर उतरली.

सगळं शांत झालं. मी मागे होतो म्हणून मागच्याच सीटवर राहिलो. समोर बघितलं तर अंबाडा नव्हता. एवढा वेळ तो रस्ता अडवतो म्हणून मी वैतागलो होतो आणि आता तो दिसेना. मी "सुमन" अशी हाक मारली. आमच्याकडे बायकोला चारचौघांत नावाने हाक मारत नाहीत, आणि अख्खं गाव पाराकडून धावत येत होतं. मी आणखी मोठ्याने हाक मारली. मग आणखी मोठ्याने. देवाला काय काय बोललो ते आता आठवत नाही. गाडी भंगारात घाल, गोठा पाड, हव्या तेवढ्या खोल्या बांध, असंच काहीतरी.

भात हलला. त्यातून सुमन उठून उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, साडीचा रंग ओळखू येत नव्हता, गजरा मात्र जागच्या जागी. तिने डोळ्यांवरचा चिखल पुसला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"आपलंच आहे ना?" तिने विचारलं.

"आपलंच."

"मग बरं," ती म्हणाली आणि चिखलात बसकण मारून हसायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मला आधी रडू आलं आणि मग हसू. तिच्या हाताला, पायाला, डोक्याला हात लावून मी सगळं तपासून घेतलं. एक खरचटलेलं कोपर सोडलं तर काही नव्हतं. इतकं हलकं मला कारखान्यातून निवृत्त झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सगळ्यात आधी दोर घेऊन कोण आलं असेल? तात्या! ते आपल्या बांधावर उभे राहून सगळं बघत होते. माझ्याशी अबोला होता म्हणून ते माझ्याशी बोलले नाहीत, सुमनशी बोलले. "वहिनी, माजी दोन खाचरं वाचवलीत," एवढंच म्हणाले आणि दोर बांधायला वाकले. बैलही त्यांचेच होते.

तेवढ्यात काठी टेकत आबा पोचले. त्यांनी आधी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. मी चिखलातले पट्टे दाखवून विचारलं, यांना काल नक्की काय लावलं होतंत?

"एरंडेल," आबा म्हणाले. "बैलांच्या पट्ट्यांना लावतो तसं. लय वाळलं व्हतं बिचारं. दोन वाट्या प्यालं."

सगळा उलगडा झाला. बैलाच्या गळ्यातला चामडी पट्टा मऊ राहावा म्हणून त्याला एरंडेल पाजतात आणि ते बरोबरच आहे. पण गाडीचा पट्टा चाकाच्या कड्याला घट्ट धरून ओढतो, तो कोरडाच हवा. तेलाने तो निसटला, म्हणून इंजिन चालूनही गाडी हलली नाही. तेच तेल कड्यांवर पसरलं, म्हणून ब्रेक लागला नाही. एरंडेलाचा गुण लहानपणी आपण सगळ्यांनीच अनुभवलेला आहे. एकदा पोटात गेलं की मग मधे थांबायची सोय नसते. आबांना मी काय बोलणार? त्यांनी परक्याची वस्तू आपल्या बैलाइतकी जपली होती. आणि सायकलकारच्या इतिहासावर पंगती उठवणारा मी, ते चमकणारे पट्टे बघून त्यांच्या पाया पडलो होतो.

गाडी परत घरी आली. बैलांनी आणली. म्हणजे अट मोडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच भंगारवाल्याला फोन लावायला घेतला. आबा ओटीवर पाठ करून बसले होते.

सुमनने फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "राहू दे गाडी."

"अगं, पण अट?"

"इंजिनात चिखल गेलाय ना?"

"गच्च."

"पट्टे तुटलेत?"

"दोन्ही."

"आता परत कधी चालेल?"

"मला नाही वाटत चालेल म्हणून."

"मग राहू दे," ती म्हणाली. फोन बाजूला ठेवत पुढे म्हणाली, "मला काय खोल्यांची एवढी घाई होती? रोज वाटायचं, आज ही चालू होईल आणि तुम्ही एकटेच बसून निघाल. म्हटलं, जायचंच असेल तर मीही बरोबर असावं."

ओटीवर आबांनी हळूच तोंड फिरवलं आणि तंबाखूची चंची उघडली.

आता गोठ्याच्या जागी दोन खोल्या झाल्यात आणि गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. पर्यटक तिच्यात बसून फोटो काढतात आणि सुमन त्यांना कंपनीचा इतिहास सांगते. तो माझ्याहून छोटा असतो आणि लोक शेवटपर्यंत ऐकतात. त्यात युद्धाचा उल्लेख नसतो. मी आधी तिची चूक काढायचो, हल्ली काढत नाही. कारण माझंही मत आता बदललंय. ती कंपनी युद्धाने बंद पडलीच नसणार. त्या दोघा भावांपैकी कोणाची तरी बायको एकदा पुढच्या सीटवर बसली असणार. ती भातातून, किंवा इंग्लंडात जे काही पिकतं त्यातून, उठून उभी राहिली असणार, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ मुकाट्याने पुन्हा सायकली दुरुस्त करायला बसले असणार. इतिहासात याचा पुरावा नाही, पण मी सध्या पाहुण्यांच्या चादरी बदलतो.